माहेरच्या नावाचा रकाना

नारनवरेबाबूंचा आवाज आमच्या दवाखान्यात ऐकू यायचा तो फक्त गुरुवारी, आणि तोही पाढे म्हणताना. एरवी माणूस इतका हलक्या पावलांचा की शेजारी येऊन उभा राहिला तरी पत्ता लागायचा नाही. मी दोनदा दचकून त्यांच्या अंगावर ट्रे सांडला आहे. दोन्ही वेळा माफी त्यांनीच मागितली. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, हा माझा तेव्हाचा मोठाच प्रश्न होता, कारण मी नर्स होते आणि खोटं कशाला बोलू, खाष्ट नर्स होते.

दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. पांढुर्ण्याहून सौंसरला जाताना मध्ये कुठेतरी होता असं समजा. सालं ऐंशीच्या पुढची. जिन्याखालच्या एका खोलीत नारनवरेबाबू रक्त तपासायचे. हुद्दा लॅब टेक्निशियनचा, पण लोक म्हणायचे रक्तवाले बाबू. उंच, किडकिडीत, अंगात पांढरा बुशशर्ट, खिशाला लाल पेन्सिल आणि सहा इंची पट्टी. ही पट्टी म्हणजे त्यांचा जीव. कुठलीही रेघ हातानं मारायची नाही. बाजाराची यादी लिहिली तरी खालची रेघ पट्टीनं. मी एकदा विचारलं, "बाबू, भेंडी-वांग्याच्या खाली सरळ रेघ कशाला?" तर म्हणाले, "वाकडी काहून मारू? पट्टी तर खिशातच हाये."

पोटुशी बाई पहिल्यांदा दवाखान्यात आली की तिचं रक्त घ्यायचं आणि त्यात गरमी आहे का ते पाहायचं, हे त्यांचं मुख्य काम. कागदावर तिचं नाव सिफिलिस, लोकांच्या तोंडी गरमी, आणि बायकांच्या तोंडी काहीच नाही. नवऱ्यानं बाहेरून आणायची, बायकोनं अंगात वागवायची, आणि जीव द्यायचा पोटातल्या लेकरानं, असा हा आजार. लेकरू आठव्या महिन्यात मेलेलं निघायचं, नाहीतर दोन-चार दिवस किरकिरून जायचं, आणि घरचे म्हणायचे, सून पांढऱ्या पायाची. खरं तर पेनिसिलिनची सुई वेळेवर दिली तर आई बरी आणि लेकरूही बरं. एवढं सोपं असून दरवर्षी लेकरं जायची, याचाच मला संताप यायचा.

तपासणीचं औषध एकदा कालवलं की त्याच दिवशी वापरावं लागे, म्हणून आठवडाभराचं रक्त साठवून सगळं गुरुवारी. रक्ताचं वरचं पाणी अर्धा तास गरम करायचं, काचेवर मेणाच्या गोल कड्या केलेल्या असायच्या, त्यात एक थेंब ते आणि एक थेंब औषध टाकायचं, आणि काच टेबलावर चार मिनिटं गोल गोल फिरवायची. चार म्हणजे चार. फिरवायचं यंत्र होतं, पण वीज कधी असायची, कधी नसायची, आणि असली तरी दिवा लाल व्हायचा. म्हणून बाबू हातानंच फिरवायचे. डोळे काचेवर, हात गुंतलेले, घड्याळ पाहणार कोण? त्यावर त्यांनी तोड काढली होती. बेपासून वीसपर्यंतचे पाढे एका चालीत म्हटले की बरोबर चार मिनिटं होतात, हे त्यांनी घड्याळ लावून लावून बसवलं होतं. मध्ये कोणी टोकलं की काच धुवायची आणि पुन्हा बे एके बे.

एका गुरुवारी छिंदवाड्याहून मोठे साहेब तपासणीला आले. बाबू चौदाव्या पाढ्यावर होते. साहेब दारात उभे, मागे आमचे डॉक्टर घाम पुसतायत, आणि हा माणूस आपला चौदा सक चौऱ्याऐंशी म्हणत काच फिरवतोय. उठले नाहीत, मान वर केली नाही. वीस दाहे दोनशे झालं, सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून सगळ्या कड्या पाहून घेतल्या, मग उठून हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब, कवा आले?" साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुढे चार दिवस डॉक्टर बाबूंशी बोलले नाहीत, आणि बाबूंच्या ते लक्षातही आलं नाही.

रक्त चांगलं असेल तर कडीतलं पाणी एकसारखं दिसतं. खराब असेल तर दूध नासल्यावर कण धरतात तसे बारीक कण धरतात. कण दिसले की बाबूंचं दुसरं काम सुरू व्हायचं, ते म्हणजे सासूला बाहेर काढणं. बाईबरोबर सासू यायचीच, आणि सासूच्या कानावर गरमी हा शब्द गेला तर सून संपलीच म्हणून समजा. बाबू बाहेर येऊन म्हणायचे, "आजी, औषध लिवलं हाये पण शिशी लागन. दुकानातून एक रिकामी शिशी घेऊन या." तेव्हा पातळ औषधाला शिशी आपली आपणच आणावी लागे, त्यामुळे कुणाला संशय येत नसे. आजी जायची, तेवढ्यात बाबू बाईला खोलीत घेऊन, खाली मान घालून, हळूच सगळं सांगायचे. माझ्या कपाटात अशा रिकाम्या शिश्यांचा ढीग झाला होता. त्यांचं पुढे काय करायचं हे बाबूंनी कधी सांगितलं नाही.

मला मात्र त्यांनी एकदा चांगलं सुनावलं आहे, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. एका बाईचं रक्त खराब निघालं, आणि मी फटकन बोलून गेले, "मला तिच्या चेहऱ्यावरूनच वाटलं होतं." बाबूंचा डोळा नळीवरच होता. म्हणाले, "सिस्टर, मले इथून कणं दिसतात. बाई नाई दिसत. तुमाले दिसते का?" एवढंच. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांच्या बरोबर लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन संत्री ठेवून गेले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगते आहे ती सांगते. त्यात चूक माझी आहे.

सावरगावची एक सून आली होती, शोभा नावाची. पहिलं लेकरू मेलेलं निघालं होतं, दुसऱ्या खेपेचा सातवा महिना. रक्त घेतलं तो वार शुक्रवार. पुढच्या गुरुवारी बाबूंना कण दिसले, तोवर ती बाळंतपणाला माहेरी गेलेली. बोरगावकडचं एक खेडं, रजिस्टरात गावाचं नाव तेवढं लिहिलेलं. मी उकळलेल्या सुयांचा डबा आणि पेनिसिलिन पिशवीत घालून बसनं निघाले. बस उतरून संत्र्याच्या बागांमधून दोन कोस चालले. गावात शोभा कुठे राहते म्हणून विचारत फिरले, आणि कोणी ओ दिली नाही. शेवटी गावाच्या टोकाला एका ओट्यावर म्हातारे आजोबा दोरी वळत बसले होते. म्हणाले, "शोभा? आमच्या गावात शोभा नाई बाई. पानी पेता का?" मी लोटाभर पाणी प्याले आणि चारच्या बसनं परत आले.

सावरगावला दिलेली पोर कोणती, असं विचारलं असतं तर पाच मिनिटांत सापडली असती. पण मग सिस्टर सुई घेऊन कशाला आली, सावरगावच्या सुनेला झालंय तरी काय, हे गावभर झालं असतं. म्हणून मी नुसतं नावच विचारत राहिले. आणि चारची बस चुकवायची नव्हती, हेही खरं आहे, ते मी लपवत नाही. रजिस्टरात तिच्या ओळीपुढे माझ्या हातानं लिहिलं, "गैरहजर."

दीड वर्षानं एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. "बाई, माह्या सुमनले चौथा महिना हाये. दोन लेकरं हाती नाई लागले." रक्त घेतलं, गुरुवार आला, कण धरले. बाबूंनी आईला शिशी आणायला धाडलं आणि सुमनला विचारलं, "आधी कवा तपासलं होतं का माय?"

"हाव बाबूजी. मागच्या खेपी, इथंच. पण तवा शोभा लिवलं असन. सासरी मले शोभा म्हंतात."

लग्नात नवरीचं नाव बदलायचं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि पेढे वाटायचे. माझंही तसंच झालं होतं. पण माहेरच्या गावात त्या नावाला कोण ओळखणार? मी तिच्या गावी जाऊन आल्याचं सांगितलं तेव्हा सुमन म्हणाली, "ते दोरी वळत होते ना, ते माहे आजोबा. त्यायले शोभा कोठून माहीत असन? मी आत झोपली होती. उठल्यावर म्हणे, कोणी सिस्टर आल्ती, पानी पेऊन गेली." ते दुसरं लेकरू तीन दिवस जगलं होतं.

बाबू दोन्ही रजिस्टरं घेऊन माझ्याकडे आले, दोन ओळींवर लाल पेन्सिलीचे ठिपके केले आणि बाजूला उभे राहिले. मी वाचलं. गैरहजर हा शब्द माझ्याच वळणदार अक्षरात होता. आधी मी भडकले. त्या म्हाताऱ्यावर, नावं बदलणाऱ्या सगळ्या खानदानांवर, बाबूंवरही. मग स्टुलावर बसले. मी तिच्या दारात पाणी पिऊन आले होते, सुई पिशवीत घेऊन.

बाबूंनी दोन्ही रजिस्टरं मिटली. मग म्हणाले, "चूक रकान्याची हाये, सिस्टर. बाईले नावं दोन, अन् रजिस्टरात रकाना एक."

मी म्हटलं, "बसमध्ये रकाना नव्हता बसला, मी बसले होते."

बाबू रजिस्टरं उचलून जिन्याखाली गेले. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते रजिस्टर घेऊन बसायला लागले. पट्टी ठेवायची, लाल रेघ ओढायची, वर लिहायचं "माहेरचे नाव", पान उलटायचं. पुढची कोरी पानं झाली तेव्हा मागची भरलेली काढली, समासात रेघा मारल्या. पंधरा दिवस हे चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, सरकारी रजिस्टरात असं करता येत नाही. बाबू "हो साहेब" म्हणाले आणि पुढचं पान काढलं.

मग ते प्रत्येक बाईला विचारू लागले, "माहेरचं नाव सांग माय." मी पाहायची ना, बायकांचे चेहरेच बदलायचे. कोणी पदरात तोंड घालून हसायची. कोणी सासूकडे बघायची, सांगू का नको. एक चाळिशीची बाई, पदरात मोठी लेकरं असून पुन्हा दिवस गेलेली, ती "यमुना" म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. म्हणाली, माय मेल्यापासून ह्या नावानं कोणी इचारलं नाई. पुढच्या गुरुवारपासून बाबू बायकांना त्याच नावानं हाक मारायचे. "यमुना, ये वं माय." सासरच्या नावाला बायका चालत यायच्या, ह्या नावाला त्या लगबगीनं यायच्या.

मलाही त्यांनी विचारलं. मला दिवस गेले होते तेव्हा माझंही रक्त तपासलं होतं, त्या जुन्या पानावर माझी ओळ होती, वसुधा नावानं. म्हणाले, "सिस्टर, तुमचा रकाना ऱ्हायला."

मी खेकसले, "मला शोधायला कुठे जायचंय कुणाला? दिवसभर इथेच तर उभी असते." ते गेले. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. माझ्या चुकीमुळे जो रकाना निघाला, त्यात माझंच नाव कसं लिहू?

सुमनला तीन सुया घ्यायच्या होत्या, आठवड्याला एक. ती सुई म्हणजे घट्ट पांढरं औषध, जाड सुई, कमरेत दोन्ही बाजूंना. बाई दोन दिवस लंगडायची. सुमन दात चावून घ्यायची. चोळताना मला म्हणाली, "सासू म्हणे, ह्या खेपी लेकरू हाती नाई लागलं तर दुसरी आणीन." मी विचारलं, नवरा काय म्हणतो? ती लुगडं सारखं करून उठली. नवऱ्यानंही सुया घेतल्याशिवाय काही अर्थ नव्हता. तो तसाच राहिला तर आजार पुन्हा तिच्याकडे येणार, तिच्यातून पोटात. बाबू याला म्हणायचे, "सुई जोडीनं." दोनदा निरोप धाडला. केशव, म्हणजे सुमनचा नवरा, एकदा फाटकापर्यंत आला, बाहेरूनच म्हणाला, "मले काय झालं? मी ठणठणीत हाये," आणि सायकलवर टांग मारून गेला. तिला पाचवा महिना लागला होता.

त्यात पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पात्रात झेंडा, आणि दिवसभर दोन्हीकडून दगड. परंपरा म्हणतात. मी त्या दिवशी डोकी शिवून शिवून परंपरेला काय काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. आसपासच्या दवाखान्यांतून आम्हाला तिथे मलमपट्टीला लावायचे, बाबूंनाही. दुपारी मांडवाखाली एक गडी आणून बसवला, कपाळ फुटलेलं, सगळा चेहरा रक्तानं माखलेला. बाबूंनी कापसानं डोळे पुसले आणि मी ओळखला. केशव.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "काय गा, गोट्याले नाई भेत, अन् सुईले भेते?"

त्यानं तोंड फिरवलं. बाबूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुढच्या माणसाची पट्टी करायला सरकले, पण कान तिथेच ठेवले.

बाबू जखम पुसता पुसता हळू बोलत होते, "केशवभाऊ, तुमचं पयलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं तीन दिवस जगलं. सुमनचा दोष नाई त्याच्यात."

त्यानं बाबूंकडे पाहिलं. मग म्हणाला, "सुमन हे नाव तिनं सांगतलं तुमाले?"

"मी इचारलं, तिनं सांगतलं."

"अजून काय सांगतलं?"

"काईच नाई. कोठून आलं हे तिले माहीत हाये भाऊ. पण घरी अजून कोणाले सांगतलं नाई तिनं. तुमच्या आईचे बोल ऐकून राहिली."

नदीवर तिकडे आरडाओरडा चालला होता. केशवनं डोळे मिटून घेतले होते. रक्त पुसलं तरी डोळ्यांखाली ओलं होतं. बाबूंनी तेही पुसलं, जखमेचाच भाग असल्यासारखं. मग केशव म्हणाला, "कवा येऊ?"

"उद्या सकाळी. मी हाजर ऱ्हायतो."

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला. आणि गंमत पाहा, डोक्याला एवढी मोठी पट्टी, त्यामुळे दवाखान्यात कशाला आला हे कुणी विचारलंच नाही. तीन आठवडे तो पट्टी बदलायला म्हणून यायचा आणि सुई घेऊन जायचा. गोटमारीनं कुणाचं भलं केलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

माघ महिन्यात सुमन दवाखान्यातच बाळंत झाली, माझ्या हाताखाली. मुलगी. मी आधी तळहात, तळपाय पाहिले, अंगावर कुठे डाग आहे का, नाक वाजतं का. काही नव्हतं. मग तिनं जो टाहो फोडला तो रस्त्यावर गेला असेल. बाबू दाराबाहेर उभे होते, बाळंतिणीच्या खोलीत ते कधी येत नसत. मी आतून ओरडले, "बाबू, मुलगी आहे. रडतेय."

"ऐकू येऊन राहिलं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "रडू द्या."

तरी जीव भांड्यात पडला नव्हता. जन्मल्याबरोबर लेकराच्या रक्तात आईचंच काही उतरलेलं असतं, त्यामुळे लगेच तपासून खरं कळत नाही. डॉक्टरांनी मुलीला एक सुई देऊन ठेवली, आणि सहा महिन्यांनी रक्त बघायचं ठरलं. ते सहा महिने मी कसे काढले मला विचारू नका. बाजारात सुमन भेटली की मी आधी तिच्या कडेवर पाहायची.

सहा महिने झाले तो नारनवरेबाबूंच्या नोकरीतला शेवटचा गुरुवार होता. त्याच दिवशी दुपारी त्यांना निरोप द्यायचा होता. सुमन आली, केशव आला, आणि नातीला पदराखाली धरून सासूही आली. आदल्या दिवशी रक्त घेताना पोर माझ्या हाताला चावली होती. बाबूंनी काच घेतली आणि बे एके बे सुरू झालं. ओसरीवर बसलेल्या बायकांना इतक्या गुरुवारांत पाढे पाठच झाले होते, त्याही बारीक आवाजात म्हणू लागल्या. अकरा झाले, बारा झाले. तेराव्याला शिपाई हार घेऊन आला आणि "बाबूजी, साहेब बोलावून" एवढं म्हणतो न म्हणतो तोच मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. आपल्या हातून काय झालं ते माझंच मला नंतर कळलं. बिचारा तसाच उभा राहिला, वीसचा पाढा संपेपर्यंत.

वीस दाहे दोनशे झालं आणि ओसरी गप्प झाली. बाबू नळीला डोळा लावून बसले. काच सरकवली, पुन्हा पाहिलं, पुन्हा सरकवली. मी दाराला धरून उभी होते, आणि मला त्या आजोबांच्या लोट्यातलं पाणी आठवत होतं.

ते बाहेर आले. सासू आपसूकच उठली, पिशवीत हात घालून म्हणाली, "शिशी घरूनच आणली बाबूजी. दर खेपी आणाले लावता."

बाबू म्हणाले, "आजी, आता शिशी नाई लागत."

म्हातारीला त्यातलं काही कळलं नाही. ती आपली शिशी पदरानं पुसत राहिली. सुमनला कळलं. ती तिथेच खाली बसली आणि मुलीच्या पोटात तोंड खुपसून रडली, आणि पोर गुदगुल्या झाल्यासारखी हसत सुटली. केशव भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी काय केलं ते सांगत नाही.

दुपारी निरोप झाला. हार, शाल, नारळ, डॉक्टरांचं भाषण. चहा आला तेव्हा बाबू जागेवर नव्हते. मी शोधत जिन्याखाली गेले. गळ्यात हार तसाच, शाल खुर्चीवर, आणि पुढ्यात जिल्ह्याहून आलेलं कोरं छापील रजिस्टर. त्यात माहेरच्या नावाचा रकाना नव्हता. बाबू पट्टी ठेवून एकेका पानावर लाल रेघ ओढत होते. हार मध्ये यायचा, तो डाव्या हातानं मागे सारायचे. मी म्हटलं, "बाबू, नवा माणूस येईल तो मारेल रेघा."

"त्याच्याजवळ पट्टी असन का नाई, कोणाले माहीत?" ते म्हणाले.

मी उभीच राहिले. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी खणातून जुनं रजिस्टर काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. वसुधा. चौथा महिना. रक्त निर्दोष. समासातला लाल रकाना रिकामा. ते पेन उघडून बसले.

मी म्हटलं, "दुर्गा."

त्यांनी लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, रजिस्टर मिटलं, पट्टी खिशाला लावली. मग पांढुर्ण्याची बस आली. सगळा दवाखाना फाटकापर्यंत गेला. बाबू खिडकीजवळ बसले, मांडीवर नारळ. बायका "येजा बाबूजी" म्हणत होत्या. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. आयुष्यात पहिल्यांदाच पाढ्यांशिवाय त्यांचा आवाज मोठा ऐकला.

"येतो, दुर्गाबाई."

बाबा गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. ओ द्यायची सवयच मोडली होती. बस नाक्यावरून वळली, धूळ खाली बसली, शिपाई फाटक लावायला आला, आणि मग कुठे माझ्या तोंडून "ओ" निघाली.